साक्षीदार तीन लागतात

रविवारी सकाळी आमचं ठरलेलंच आहे, नागपुरात धरमपेठेत तर्री पोहे खायचे आणि मग बाजूच्या कट्ट्यावर चहा घेऊन बसायचं. विधिमंडळाचं अधिवेशन सुरू असलं की आठवडाभर सिव्हिल लाइन्सकडे जायची सोय नसते, जिकडेतिकडे बॅरिकेड, त्यामुळे सगळे आठवड्याचं बोलणं रविवारसाठी साठवून आणतात. यावेळी चौघं वेळेवर होतो. वकील, ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवणारे मास्तर, बँकेतली ताई आणि मी. छोट्या उशिरा आला, गाडी लावता लावताच म्हणाला, "मी लग्न करून राहिलो, रजिस्टर. साक्षीदार तीन लागतात म्हणे, तुमच्यातलेच पाहिजेत."

आम्हाला त्या पोरीबद्दल माहीत होतं. दोघं मिहानमधल्या एकाच कंपनीत, दोन वर्षं एकाच बसने जाणं-येणं. दोघांची जात वेगळी, तिच्या घरी अजून धुसफूस सुरू आहे. मला फार आनंद झाला, मी उठून मिठीच मारली त्याला, पण ताईने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "काहून? प्रेम आहे ना, मग लग्न कशाला पाहिजे बे?"

ताईचा घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली, म्हणून तिचा प्रश्न कोणी हसण्यावारी नेला नाही.

मास्तरांनी सुरुवात त्यांच्या विषयापासून केली. अमेरिकेत प्रेअरी व्होल नावाचा उंदरासारखा एक प्राणी आहे, नर-मादी एकदा जोडी जमली की एकत्र राहतात, पिल्लं दोघं मिळून सांभाळतात, आणि त्याचाच डोंगराळ भागातला भाऊबंद मात्र जोडी करत नाही. फरक काय तर ऑक्सिटोसिन आणि व्हासोप्रेसिन ही रसायनं पकडणारे रिसेप्टर दोघांच्या मेंदूत वेगवेगळ्या जागी आहेत. प्रेमात पडलेल्या माणसांच्या मेंदूचे स्कॅन पण काढलेत, २००५ साली त्यावर पेपर आला, आपल्या माणसाचा फोटो दाखवला की डोपामीनवाला, म्हणजे हवंहवंसं वाटायला लावणारा भाग जागा होतो. "म्हणजे भूक लागते तसंच हे," मास्तर म्हणाले, "शरीरच मागून राहिलं असतं."

"अन ते व्होल बाहेर जातच नाहीत का?" ताईने विचारलं.

मास्तर प्रामाणिक माणूस आहे. म्हणाले, जातात, पिल्लांच्या डीएनए टेस्ट केल्या तर काहींचा बाप वेगळाच निघतो, पण राहायला परत त्याच घरट्यात येतात.

"मग घरटं महत्त्वाचं, प्रेम नाही," ताई म्हणाली आणि काही वेळ कोणालाच उत्तर सुचलं नाही.

मला मास्तरांचं पूर्ण पटलं नव्हतं. डोपामीन सगळ्यांच्याच मेंदूत आहे ना, पण छोट्याला त्या बसमधल्या चाळीस जणांत हीच काहून आवडली? मी म्हटलं याचं अर्धं उत्तर तर बसच आहे. १९३२ साली बॉसार्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने फिलाडेल्फियातले लग्नाचे ५००० परवाने तपासले होते, तर जवळपास एक तृतीयांश जोडपी लग्नाआधी एकमेकांपासून पाच ब्लॉकच्या आत राहणारी निघाली. माणूस जवळ असतो त्याच्याच प्रेमात पडतो, रोज दिसतो, बोलणं होतं, सवय लागते. आता आपल्याकडे बघा, जुने मोहल्ले जातीजातीने वसलेले, जवळचा म्हणजे बहुतेक आपल्याच जातीतला, आणि मग आपण म्हणतो की आमच्या पोरांना आपल्यातलीच आवडते. आवडणार कशी दुसरी, भेटलीच नाही तर! कॉलेज, होस्टेल, कंपनीची बस, आता मेट्रो, यांनी पहिल्यांदा वेगळ्या माणसाला शेजारच्या सीटवर आणून बसवलं. मला हे फार मोठं वाटतं, खरंच.

वकील म्हणाला, बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलंय की नुसतं एकत्र जेवून जात जाणार नाही, खरा इलाज आंतरजातीय लग्न, कारण परकेपणा जाऊन आपलं माणूस वाटायला लागतं ते रक्ताच्या नात्याने. अन ज्या गावात दीक्षाभूमी आहे तिथे अजून पोट्टीच्या घरी धुसफूस, हे बोलताना त्याचा आवाज चढला होता.

छोट्या मात्र शांत होता. "भाऊ, मी जात मोडायला लग्न नाही करून राहिलो, मला ती पाहिजे म्हणून करतो."

"हेच तर मी विचारते," ताई म्हणाली, "ती तर आहेच ना तुझ्याजवळ. मला पण प्रेम होतं, खोटं नव्हतं ते. लग्न झालं अन तीन महिन्यांत विषय काय, तर पाहुण्यांना पाणी कोणी द्यायचं आणि माझा पगार कोणाच्या खात्यात. प्रेम माणसाशी होतं, लग्न घराशी होतं. लोक लग्न करतात कारण एकट्या बाईला कोणी फ्लॅट भाड्याने देत नाही, पहिला प्रश्न फॅमिली आहे का. मी भोगलंय हे."

यावर वकिलाने कायदा काढला. लिव्ह-इनमधल्या बाईला २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने संरक्षण मिळू शकतं, पण उद्या छोट्याला काही झालं तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात बायको पहिल्या वर्गातली वारस, मैत्रीण कोणीच नाही. बरोबर आहे त्याचं, पण मला सांगा, वारसाहक्क डोक्यात ठेवून कोणी बसमध्ये सीट पकडून ठेवतं का?

मग मी माझ्या आईबाबांचं सांगितलं. पोहे खाऊन, पत्रिका जुळवून झालेलं लग्न, आधी एकदाच भेट, तीही खोलीत दहा जण असताना. आता संत्र्याच्या दिवसांत जेवण झालं की बाबा एकेक फोड घेऊन वरच्या पांढऱ्या शिरा काढून वाटीत ठेवतात, कारण आईला त्या आवडत नाहीत, स्वतः मात्र तशीच खातात. यांना कधी प्रेमात पडायला सांगितलं कोणी? प्रेम आधी की लग्न आधी हा हिशोब मला म्हणूनच जमत नाही. दोन्हीकडून माणूस मागतो तेच, की माझी आवडनिवड कोणाच्या तरी लक्षात राहावी. आणि ते फक्त आम्हा दोघांपुरतं नको, चार लोकांना माहीत असावं की हिची चौकशी करायची तर मला करा.

ताई काही बोलली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं पण मान नाही डोलावली.

छोट्याने वकिलाला विचारलं नेमकं करायचं काय असतं. १९५४ चा विशेष विवाह कायदा, वकील सांगायला लागला, नोटीस द्यायची, ती ऑफिसात लागते, तीस दिवसांत कोणाचा वैध आक्षेप नाही आला तर लग्न, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत उरकायचं नाहीतर नवीन नोटीस. मंत्र, हार, काही सक्ती नाही. फक्त अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना म्हणायचं, मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो, ती म्हणणार पती म्हणून, दोघांना समजेल अशा भाषेत.

"एवढंच?" ताईने विचारलं.

"एवढंच."

"माझ्या वेळी अर्धा तास मंत्र चालले होते, एक शब्द कळला नव्हता मला." ती बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिली. मग छोट्याला म्हणाली, "तिला घेऊन ये इथे पुढच्या रविवारी. मला तिच्याशी बोलायचं आहे, पगाराचं अन घरकामाचं आधी ठरवा, लिहून ठेवा पाहिजे तर. अन तारीख वर्किंग डेची असेल ना? आधी सांगशील, मार्चच्या आत असली तर बरं, मार्चमध्ये बँकेत सुट्टी नाही देत मला."

मास्तरांनी दुसरा चहा सांगितला. मी आधार कार्डची झेरॉक्स किती लागतात ते वकिलाला विचारत होतो, तर तो म्हणाला, तुझी नको, तीन झाले की.