‘गोल गोळी भरा, डुक्कर जागेवर’: हा संदेश पुढे पाठवू नका

माझ्या आतेभावाने काल हा संदेश पाठवला आणि खाली विचारलं, ‘दादा, जमते का हे?’ नाही जमत. तूर शेंगांवर आली की दरवर्षी हे पुन्हा फिरायला लागतं, आणि जागलीला जाणारी पोरं ते मनापासून वाचतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

संदेश थोडक्यात असा: बारा बोअरची उडालेली काडतुसं फेकू नका. टोपी (काडतुसाच्या बुडातली, घोडा आपटला की दारू पेटवणारी) काडीपेटीच्या गुलाने भरा, आत फटाक्याची दारू घाला, जुन्या बॅटरीचं शिसं ओतून नळीत घट्ट बसेल अशी गोल गोळी वर ठेवा. जुन्या रायफलच्या पितळी काडतुसातही हेच चालतं. डुक्कर जागेवर पडतं, मांसाला काही होत नाही आणि पीक वाचवायला परवाना लागत नाही.

यातलं सगळ्यात घातक म्हणजे ‘नळीत घट्ट बसेल अशी’. एक पौंड शुद्ध शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास येतो, तो बारा बोअर. म्हणजे नळी आतून साधारण 18.5 मिलिमीटर आणि गोळी जवळपास 38 ग्रॅमची. पण नळी शेवटपर्यंत तेवढीच नसते. छर्रे फाकू नयेत म्हणून तोंडाजवळ ती निमुळती केलेली असते, तोच चोक. फुल चोकमध्ये व्यास सुमारे 1 मिलिमीटरने घटतो, आणि दुनळीत बहुतेक वेळा डावी नळी जास्त चोकची असते. छर्रे सुटे असतात, मागेपुढे सरकून त्या गळ्यातून निघून जातात. एकसंध गोळी कुठे सरकणार? मागून दाब ढकलतोय आणि पुढे वाट अरुंद. शिसं अगदी मऊ असेल तर ती कधी पिळून बाहेर पडते. बॅटरीचं शिसं बहुधा त्यात मिसळलेल्या अँटिमनीमुळे कडक असतं, ते सहज दबत नाही. मग तोंड फुगतं, दोन नळ्यांमधली पट्टी उखडते, नाहीतर नळीच फाटते.

ही भीती माझ्या डोक्यातून निघालेली नाही. 1875 ते 1887 या काळात इंग्लंडमध्ये चोकच्या नळ्या तपासून झाल्या की त्यांच्यावर ‘नॉट फॉर बॉल’ असे शब्द ठोकत. काळ्या दारूचा जमाना होता तो, दाब आजच्यापेक्षा कमी. तरी ज्यांचा धंदाच नळ्या तपासायचा होता, त्यांनी लोखंडावर कोरून सांगितलं की यात गोळी घालू नका. मालगुजारांच्या वाड्यांत अजून जुन्या विलायती बंदुका आहेत. नळ्या दस्त्यापासून सोडवल्या की खालच्या सपाट भागावर ठोकलेल्या खुणा दिसतात. आपल्या बंदुकीवर ती अक्षरं नाहीत म्हणून गोळी चालते, असं मात्र समजू नका. 1887 नंतर ती अक्षरं गेली, चोक राहिला.

अर्धं खरं आहे ते मान्य करतो. गोल गोळी ही थाप नाही. चोक नसलेल्या नळीत, नळीपेक्षा किंचित लहान गोळी, काळ्या दारूवर, असं पूर्वीचे शिकारी वापरत. पण ‘किंचित लहान’ हेच संदेशाने उलटं केलं आहे.

आता दारू. बंदुकीची काळी दारू दाणेदार असते. दाणा बाहेरून आत जळत जातो, म्हणून दाब चढायला वेळ मिळतो आणि तेवढ्यात गोळी पुढे सरकते. आवाजी फटाक्यात ॲल्युमिनियमची बारीक भुकटी असते आणि तिचं काम ढकलण्याचं नाही, फोडण्याचं आहे. गोळी हलायच्या आतच दाब शिगेला जातो, आणि त्या वेळी तुमचा गाल दस्त्याला टेकलेला असतो. ‘थोडी कमी भरली तर?’ असंही भावाने विचारलं. कमी-जास्तीचा प्रश्नच नाही. बारा बोअरमध्ये काळ्या दारूचा भार 5-6 ग्रॅम असायचा, आजच्या बिनधुराच्या दारूचा जेमतेम 2 ग्रॅम. कारखान्यातल्या दोन दारूंतच एवढा फरक असताना, दर पुडीला वेगळी निघणारी फटाक्याची दारू कोणत्या मापाने मोजणार?

गुलाबद्दल एवढंच: त्यात क्लोरेट हे भडका उडवणारं रसायन असतं आणि गुल घासला, दाबला की पेटतो. गंधक आणि क्लोरेट एकत्र करण्यावर आपल्याकडे फटाक्यांतसुद्धा 1992 पासून बंदी आहे. टोपी दाबून बसवताना बोटं तिच्यावरच असतात.

पितळी काडतुसाचं पितळ जुनं झालं की गळ्याशी चिरतं. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नळीला आतून कडं पडतं, म्हणजे तेवढ्या जागी ती कड्यासारखी फुगते. जुनी रायफल भिंतीवरच राहू द्या.

‘डुक्कर जागेवर’ हेही खोटं. गुळगुळीत नळीतून सुटलेल्या गोळीला फिरकी नसते, नेम धरायला नळीवर एक मणी. 40-50 मीटरच्या पुढे भरवसा नाही, त्यात रात्र आणि बॅटरीचा उजेड. थोराड नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढालच असते. जखमी डुक्कर तुरीत किंवा पऱ्हाटीत शिरून बसतं आणि सकाळी त्याच वावरात कापूस वेचायला बाया येतात. संदेश लिहिणाऱ्याने त्यांचा विचार केलेला नाही, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

शिसं 327 अंशांना वितळतं. ओलसर तुकडा त्यात पडला तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि शिसं तोंडावर उडतं. बिनदेखभालीच्या बॅटरीत कॅल्शियम मिसळलेलं असतं. तसलं शिसं अँटिमनी-आर्सेनिकवाल्यात वितळलं, वरचा मळ निघाला आणि तो ओला झाला, तर विषारी वायू सुटू शकतो. चुलीजवळ उडालेली धूळ पोरांच्या पोटात जाते. मांसात शिशाचे कण राहतातच.

उरला परवाना. 1959 च्या शस्त्र कायद्यात कलम 13 मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती पुरेशी नाही असं वाटलं तर अधिकारी दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही परवाना देऊ शकतो. कुणीतरी हेच अर्धवट वाचून ‘परवाना लागत नाही’ केलं. कलम परवाना देण्याबद्दल आहे, माफ करण्याबद्दल नाही. शेतीचं अवजार म्हणून सूट मिळते ती काठीला. काडतूस घरी बनवणं म्हणजे विनापरवाना दारूगोळा बनवणं, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान 7 वर्षं शिक्षा आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवानाही नव्हे. रानडुकरासाठी वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते.

नुकसान खरं आहे, आणि भरपाई उशिरा व तुटपुंजी मिळते, हेही खरं. तरी नुकसानीचे फोटो त्याच दिवशी काढा, अर्ज लगेच टाका, पंचनाम्याच्या वेळी वावरात हजर राहा.

असं काडतूस कुणी आधीच भरून ठेवलं असेल तर ते उडवून पाहू नका, उकलू नका, चुलीत किंवा विहिरीत टाकू नका. पोरांना दूर करा, जिथे आहे तिथेच राहू द्या आणि पोलिसांना 112 वर कळवा. वाड्यात परवाना संपलेली बंदूक असेल तर ती कलम 21 प्रमाणे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, आणि पावती घ्या.