तो '२१ दिवसवाला' मेसेज खरा नाही, एकेक मुद्दा घेऊन सांगतो

तुमच्याकडेही आला असेल. आमच्या घरच्या ग्रुपवर महिन्याभरात तीनदा आला, दोनदा मावशीकडून आणि एकदा जावयाकडून. वर उगवता सूर्य, खाली लिहिलेलं, आयुष्य बदलायचंय तर फक्त २१ दिवस द्या. मग मुद्दे. २१ दिवस एकही खाडा न करता केलं की सवय लागतेच, खाडा झाला की पुन्हा एकपासून मोजा. तुम्ही तुमच्या जवळच्या पाच माणसांची सरासरी असता म्हणून मागे खेचणाऱ्यांना आयुष्यातून काढून टाका. पाचला उठतो तोच पुढे जातो. लहानपणी ज्याला समोरच्या खाऊसाठी थांबता आलं तोच मोठेपणी यशस्वी होतो, बाकी सगळे बहाणे. आणि शेवटचं, ध्येय कोणाला सांगू नका, गुपचूप एकटे चालत राहा.

असे मेसेज मी वाचतो न् सोडून देतो. हा नाही सोडला, कारण माझ्या भाच्याने तो मनावर घेतला. नागपुरात नंदनवनच्या एका अभ्यासिकेत बसतो तो, दोन वर्षं झाली स्पर्धा परीक्षेची तयारी करून राहिला. मेसेजची प्रिंट काढून टेबलावर चिकटवली, पाचचा अलार्म लावला, सोबत बसणाऱ्या दोन मित्रांशी बोलणं बंद केलं कारण ते म्हणे निगेटिव्ह बोलतात, आणि १८ दिवस खरंच सगळं पाळलं. १९व्या दिवशी ताप आला, दोन दिवस उठताच आलं नाही. मग मला फोन. "मामा, माझ्यातच दम नाही." चोवीस वर्षांचं पोरगं हे बोलते आणि ते एका फॉरवर्डमुळे, म्हणून हे लिहून राहिलो. ज्यांनी तो पाठवला त्यांच्यावर राग नाही, मावशीने चांगल्या मनानेच पाठवला.

आधी २१ दिवस. हा आकडा आला कुठून ते बघा. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकेत एक प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० साली आपल्या पुस्तकात लिहिलं की चेहऱ्याचं ऑपरेशन झाल्यावर पेशंटला आरशातला नवीन चेहरा आपला वाटायला कमीत कमी २१ दिवस लागतात. म्हणजे विषय नाकाच्या ऑपरेशनचा, शब्द "कमीत कमी", आणि आधार डॉक्टरांनी आपल्या पेशंटमध्ये जे पाहिलं ते. पुढे सांगणाऱ्यांनी नाक काढलं, "कमीत कमी" काढलं, आणि २१ तेवढे ठेवले.

सवयीवर खरा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झाला, फिलिपा लॅली आणि त्यांच्या सोबतच्यांनी केला, २००९ मध्ये छापून आला. ९६ लोक घेतले, प्रत्येकाने एकच साधी गोष्ट निवडली, जसं दुपारच्या जेवणासोबत एक फळ, किंवा संध्याकाळच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं पळणं, आणि १२ आठवडे रोज नोंद ठेवली. ती गोष्ट आपोआप व्हायला लागायला मधला आकडा निघाला ६६ दिवस, पण कोणाला १८ लागले तर कोणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. इतका फरक माणसामाणसात आणि कामाकामात. आणि माझ्या भाच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्याच अभ्यासात आहे, एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मेसेज म्हणते खाडा झाला की पुन्हा एकपासून मोज. हे कोणी ठरवलं? दोन दिवस ताप आला तर मागचे अठरा दिवस पाण्यात जात नाहीत रे बाबा.

आता पाच माणसांची सरासरी. हे वाक्य जिम रोन या अमेरिकन वक्त्याच्या नावावर फिरते. याच्यात जेवढं खरं आहे तेवढं आपल्याकडे आधीच सांगून ठेवलंय, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. संगतीचा परिणाम होतो, मी स्वतः त्याचं उदाहरण आहे. पंधरा वर्षं खर्रा खाल्ला मी. बाहेरगावच्यांना माहीत नसते म्हणून सांगतो, खर्रा म्हणजे सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना, पानठेल्यावर पन्नीत घेऊन खसाखसा घोटून देतात, तो घोटायचा आवाज आला की तोंडाला पाणी सुटते, अजूनही सुटते. बुटीबोरीला कंपनीत लागलो तेव्हा सकाळी बसच्या स्टॉपवर पाचसहा जण उभे राहायचे, सगळ्यांच्या गालात खर्रा, मी आठवडाभर नाही म्हटलं आणि मग एक दिवस नुसता चाखला. तर हो, लागला गुण.

पण सुटला कसा ते ऐका, कारण तिथे हा मेसेज पार चुकतो. एकट्याने, गुपचूप, मनाशी ठरवून मी सातआठ वेळा सोडला. कधी चार दिवस, कधी महिना. मग एकदा दात दुखला म्हणून गेलो तर डॉक्टर म्हणाल्या तीन बोटं उभी तोंडात घाला. दोनच गेली. त्यांनी सांगितलं आतली कातडी कडक होऊन राहिली, अजून काही वर्षांनी चमचा जाणार नाही, आणि तंबाखू सोडून नुसती सुपारी खाल्ली तरी कॅन्सरचा धोका आहेच. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवाली संस्था नुसत्या सुपारीबद्दल २००४ पासून हेच सांगते.

दुसऱ्या दिवशी मी दोन माणसांना सांगितलं. एक, बसमध्ये शेजारी बसणारे आमच्या स्टोअरमधले काका, स्वतः खर्रा खाणारे. दुसरा पानठेलेवाला. काकांनी त्या दिवसापासून स्टॉपवर माझ्यासमोर खर्रा खाणं बंद केलं, आणि बसमध्ये बसलो की रोज एकच प्रश्न, "खाल्ला का?" बस्स. उपदेश नाही, भाषण नाही. आणि पानठेलेवाल्याने काय केलं? दहाव्या-बाराव्या दिवशी मी साहेबाचं बोलणं खाऊन आलो होतो, डोकं फिरलेलं, सरळ गेलो आणि मागितला. त्याने हातातली पन्नी खाली ठेवली, म्हणाला, "भाऊ, तुमाले नाई देत. तुमीच सांगतलं होतं." बरणीतून सौंफ काढून हातावर दिली, पैसे घेतले नाही. ज्याचं पोटच खर्ऱ्यावर त्याने हे केलं. चार वर्षं होतील या दिवाळीला.

मेसेजच्या हिशोबाने या दोघांना मी पहिल्या दिवशीच आयुष्यातून काढायला पाहिजे होतं, एक खाणारा आणि एक विकणारा. त्यांना काढलं असतं तर मला विचारणारं कोणी उरलं नसतं.

आणि पाचाच्या पाच माणसं बदलायची गरजही नसते. सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात प्रयोग केले, खोलीत बाकी सगळे जण आधी ठरवून उघड उघड चुकीचं उत्तर द्यायचे, दोन रेघा सारख्या नसताना सारख्या म्हणायचे, आणि खरा भाग घेणारा माणूस साधारण एक तृतीयांश वेळा त्यांच्या सुरात सूर मिळवायचा. पण त्या गटात एकच माणूस बरोबर बोलणारा ठेवला की हे प्रमाण एकदम खाली यायचं. स्टॉपवरचे बाकी चार जण आजही खातात. मला एक काका पुरले.

अजून एक, या सरासरीचं गणितही जुळत नाही. मी माझ्यापेक्षा चांगला माणूस धरायचा म्हणे. मग त्याच नियमाने त्याने मला सोडायला पाहिजे, कारण मी त्याची सरासरी खाली आणतो. सगळ्यांनी हा नियम पाळला तर कोणाजवळ कोणीच राहणार नाही. आणि घरातले? माझी आई दिवसातून चारदा फोन करून हे झालं का, ते होईल का म्हणून काळजीच करते, नोकरी बदलायची म्हटलं की आधी नाहीच म्हणते. मेसेजच्या भाषेत ती निगेटिव्ह. तापात भाच्याला पेज कोणी करून दिली मग? आजीनेच ना. ज्या मित्रांशी तो बोलत नव्हता त्यातला एक रात्री दहाला औषध घेऊन आला. हे मेसेजमध्ये कुठे मोजलं?

सकाळी पाचवर जास्त बोलत नाही. नागपुरात मे महिन्यात पाचला अंबाझरी तलावावर माणूस दिसतो तो यासाठी की आठ वाजले की ऊन चावते आणि दुपारी पारा ४५ कडे जातो. त्यात चारित्र्याचा काय संबंध. डिसेंबरात उजाडतेच पावणेसातच्या आसपास. हिंगणा एमआयडीसीत रात्रपाळी करून सकाळी सातला घरी येणारा माणूस आळशी आहे का? झोप पूर्ण करा आणि वेळ एक ठेवा, ती कोणतीही असो. भाचा रात्री बारापर्यंत वाचून पाचला उठत होता, आजारी नाही पडणार तर काय.

आता तो खाऊवाला मुद्दा, याने मला सगळ्यात त्रास होतो. मूळ प्रयोग मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत, १९६०च्या दशकाच्या शेवटी सुरू झाला. मुलासमोर एक खाऊ ठेवायचा, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन देईन म्हणायचं. पुढे त्याच मुलांचं शिक्षण वगैरे पाहिलं तर थांबणारी मुलं बरी निघाली, आणि जगभर झालं की बघा, संयम म्हणजे यश. पण ती बालवाडी विद्यापीठातल्या लोकांच्या मुलांची होती. २०१८ मध्ये नऊशेहून जास्त मुलांच्या माहितीवर हे परत तपासलं, घरची परिस्थिती, आईचं शिक्षण हे सगळं धरून, तर तो संबंध अगदीच थोडा उरला.

आणि २०१३चा अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाचा प्रयोग तर प्रत्येक आईबापाने ऐकावा. २८ मुलं. खाऊच्या आधी त्यांना चित्र काढायला बसवलं, मोठं माणूस म्हणालं थांबा, मी चांगले रंग आणतो. अर्ध्या मुलांना खरंच आणून दिले, अर्ध्यांना येऊन सांगितलं, सॉरी, नाहीत. त्यानंतर खाऊ ठेवला. ज्यांच्याशी शब्द पाळला ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं ती तीन मिनिटं. मुलं तशीच, वय तेच. फरक फक्त समोरच्या माणसाने शब्द पाळला की नाही याचा. जे मूल थांबलं नाही त्याने उलट डोकंच लावलं, हा माणूस देत नाही, आहे तो खाऊन घे. दोन वर्षं जाहिरातीची वाट बघणारी, तारीख पुढे गेली की परत पहिल्या पानापासून सुरू करणारी पोरं अभ्यासिकांमध्ये बसलेली आहेत, त्यांना तुम्ही संयम कमी आहे म्हणता? त्यांना दिलेला शब्द कोणी पाळला?

शिस्त म्हणजे मनाला दाबणं हा समजही तपासलाय. जर्मनीत २०५ लोकांना आठवडाभर दिवसातून अनेकदा विचारलं की आत्ता काय करावंसं वाटतंय आणि स्वतःला अडवताय का. ज्यांचा स्वतःवर ताबा चांगला ते जास्त झगडत असतील असं वाटेल, पण त्यांच्यावर मोहाशी झगडायची वेळच कमी येत होती. मलाही हेच जमलं. मी स्टॉपवर पाच मिनिटं उशिरा, बस यायच्या वेळेलाच जायला लागलो, ठेल्यासमोर उभं राहायचा वेळच ठेवला नाही.

शेवटचं, कोणाला सांगू नका. याला अर्धा आधार आहे तो आधी देतो. गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवलं की आपण कोण होणार आहोत हे लोकांना सांगून त्यांनी दखल घेतली की माणसाचं काम थोडं ढिलं पडू शकते. मी कलेक्टर होणार असं स्टेटस टाकून लाईक घेणं, ते नका करू. पण हिशोब विचारणाऱ्या एका माणसाला सांगणं वेगळं. आणि हे नागपुरात राहून कोणी म्हणावं याचं मला वाईट वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात, दीक्षाभूमीवर, बाबासाहेबांनी लाखो लोकांसमोर धम्मदीक्षा घेतली आणि त्यांना २२ प्रतिज्ञा दिल्या. दारू पिणार नाही, खोटं बोलणार नाही, चोरी करणार नाही, या रोजच्या जगण्यातल्या शिस्तीच्याच गोष्टी आहेत त्यात. त्या मोठ्याने, सगळ्यांनी मिळून म्हटल्या गेल्या. शेजारी उभ्या माणसाने ऐकल्या. आमच्या आजोबांच्या गावी तुकडोजी महाराजांच्या मंडळाची सामुदायिक प्रार्थना व्हायची, आजोबा सांगायचे की दिवस बुडाला की एखादा दिसला नाही तर कोणीतरी त्याच्या दारात जाऊन हाक मारायचं. गडचिरोलीत १९९३ ला दारूबंदी झाली ती लोकांच्या आंदोलनाने, आणि आज तिथे मुक्तिपथचं दारू-तंबाखूवरचं काम गावागावातल्या लोकांना सोबत घेऊनच चालते, खर्ऱ्यावरही. एकेकट्याने मनाशी ठरवून झालं असतं तर एवढं कशाला करावं लागलं असतं.

कोणाला खर्रा, तंबाखू सोडायचा असेल आणि सांगायला कोणी नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा फुकट नंबर आहे, तिथे बोलणारं माणूस भेटते.

भाच्याला मी एवढंच म्हटलं की ती प्रिंट काढ आणि त्या दोघांसोबत परत बस. त्यातल्या एकाचं गणित चांगलं आहे, भाच्याचा इतिहास. पाचचा अलार्म बंद, सहाचा लावला. साडेसहाला पुस्तक उघडलं की मला एक शब्द टाकायचा, "बसलो". काल आला नाही. मी काही विचारलं नाही. आज सहा चाळीसला आला.