मोरपंखीची आत्या

मे महिन्यात आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या. आंबे संपत आल्याची चुटपुट लागते आणि मी शिडीवरून पडतो. यंदा पडलो नाही, कारण मी चढायच्या आधी शिडीच मोडली.

दापोली तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर आमचं जुनं घर आहे. चिऱ्याच्या भिंती, ऐन-किंजळाचे वासे, त्यावर पोफळीच्या रीपा आणि वर मंगळुरी कौलं. काही कौलांच्या पोटावर बासेल मिशनचं नाव आणि १८६५ साल उठवलेलं आहे. ते साल कारखान्याचं, कौलाचं नव्हे. पण पाहुण्यांना मी एवढा तपशील देत बसत नाही.

पावसाळ्यापूर्वी शाकारणी काढायची, हा आमच्याकडचा कुळाचार. कौलं उतरवायची, झाडायची, कुजलेल्या रीपा बदलायच्या, सगळं पुन्हा चढवायचं. पूर्वी दोन गडी दोन दिवसांत उरकायचे. आता ते दोघेही मुंबईला असतात आणि गणपतीत भेटले की शाकारणीची चौकशी माझ्याकडेच करतात. फुटकी कौलं मोजणं हे खातं माझं. वाऱ्यानं फुटलेली थोडी, बाकी सगळी वानरांची. फणसावरून पडवीवर उडी पडली की आई माजघरातून, जप न थांबवता, नुसत्या आवाजावरून सांगते, "हुप्प्या होता. तीन गेली." मी वर जाऊन बघतो. तीनच असतात.

पत्रे घालावेत तर पावसाचा ताशा चार महिने डोक्यावर, आणि खाऱ्या वाऱ्यानं खिळे आधी गंजतात. शिवाय ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा शेजारचे दोन पत्रे आमच्या पोफळींवरून गेले, ते मी खिडकीतून डोळ्यांनी बघितलेत. तेव्हापासून पत्र्याचं नाव काढलं की बायको खिडकी लावते.

अशा नाजूक वेळी पुतण्याचा व्हँकुव्हरहून व्हिडिओ कॉल आला. "काका, सीडर बघा. छपराला सीडरच्या शिंगल्स, म्हणजे कौलांच्या जागी लाकडी फळ्या, आणि भिंतींना सीडरचं साइडिंग, म्हणजे बाहेरून फळ्यांचं आवरण. कुजत नाही, कीड लागत नाही, वजनाला हलकं. आणि माकडानं उडी मारली तरी फुटत नाही."

शेवटच्या वाक्याला मी विकला गेलो. त्या रात्री मला स्वप्न पडलं. हुप्प्या फणसावरून झेपावतो, छपरावर येतो, काहीच फुटत नाही, आणि तो ओशाळून खाली बघतो.

सकाळी मी आईला सांगितलं, "आपण देवदाराचं छप्पर करतोय." आई म्हणाली, "देवाचं लाकूड. त्यावर वानरं नाचवणार?"

मग मी वाचायला बसलो आणि घोळ झाला. देवदार हिमालयातला. मनालीचं हिडिंबेचं देऊळ त्याच लाकडाचं, १५५३ सालापासून उभं. पुतण्या म्हणतो तो लाल सीडर मात्र देवदार नव्हेच. तो निघाला आपल्या अंगणातल्या मोरपंखीच्या घराण्यातला. तुळशीशेजारच्या कुंडीत गुडघाभर वाढून जी वर्षानुवर्षं तशीच उभी आहे, तिची ही परदेशातली आत्या दोनशे फूट वाढते. मी मोरपंखीकडे जरा आदरानं बघू लागलो. आईचा मात्र विरसच झाला. "म्हणजे देवाचं नाहीच ते!" आता तिला वानरांचीही हरकत उरली नाही.

जूनच्या सुरुवातीला पुतण्याचा एक मित्र गावी आला, त्याच्या बॅगेतून नमुना आला. हातभर लांब फळी, एका टोकाला बोटभर जाड, दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याएवढी पातळ. नाकाजवळ धरली तर शाळेत पेन्सिलीला टोक काढताना यायचा तसा वास. आम्ही सगळ्यांनी ती आळीपाळीनं हुंगली. दूध घालायला आलेल्या मुलानंही हुंगली.

सुतारानं हुंगली नाही. त्यानं अंगठ्याचं नख दाबलं. नख रुतलं. त्यानं फळी माझ्या हातात परत दिली आणि तंबाखू काढली.

"लाकूड मऊ हाय काका."

"पण कुजत नाही. त्यात नैसर्गिक तेलं असतात."

"पाऊस केवढा तिकडं?"

हे मी पुतण्याला विचारलेलं होतं. त्याच्या शहरात वर्षभर रिपरिपून जेवढा पडतो, तेवढा आमचा जुलै जवळपास एकटाच पाडतो. हे मी सुताराला सांगितलं नाही. म्हटलं, "बरा असतो."

पण पुढे खरा पेच पडला. या फळ्या एकावर एक तीन थरांत येतात, खालून वारा खेळायला जागा लागते, आणि छपराला उतार लागतो. उताराचं आमच्याकडे काही कमी नाही. पडवीकडे तर इतका आहे की मांजरही विचार करून चालतं. भिंतींचंही तेच. साइडिंग भिंतीला चिकटवायचं नाही, मध्ये पट्ट्या मारून फट ठेवायची, म्हणजे आत शिरलेलं पाणी वाळतं. मी हे नवं शास्त्र सुताराला समजावत होतो, तर तो पश्चिमेच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "मग आपली झापं काय भितीला चिकटवतो?"

झड येते त्या बाजूला आम्ही दरवर्षी माडाची झापं बांबूवर बांधतो, भिंतीपासून वीतभर सुटी. माझ्या आजोबांनी साइडिंग केलं होतं आणि बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

खर्चाचा आकडा मी इथे लिहीत नाही. बायकोनं तो ऐकून एवढंच विचारलं की घर तिकडे नेलं तर स्वस्त पडेल का. आईची शंका वेगळी होती: "शिमग्यात होळीची ठिणगी उडाली तर?" आग लवकर धरू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या फळ्या मिळतात, असं मी सांगितलं. "आणि त्याचे पैसे वेगळे," असं बायकोनं सांगितलं.

तरी मी जिद्दीनं नमुना पडवीच्या खांबावर, झड लागेल असा ठोकला. म्हटलं, आपला पावसाळाच काय तो निकाल देईल. खिळा जुना होता, खोपीतला. जुलैच्या मध्यावर बघतो तर खिळ्याखालून काळा ओघळ निघालेला, रडून काजळ पसरावं तसा. मी हादरून फोटो पाठवला. पुतण्या म्हणाला, "काका, लोखंडी खिळा मारलात? त्या लाकडात टॅनिन असतं. स्टेनलेस स्टीलचा हवा, समुद्राजवळ तर हवाच." हे आईला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "लोखंडी कढईत आवळा घातला की काय होतं? मला विचारायचंस." फळीला मात्र काही झालं नव्हतं. पाऊस खाऊन ती जरा करडी पडली होती, एवढंच.

ऑगस्टमध्ये एका सकाळी खांबावर नुसता खिळा. वानरांनी नेली असणार. मी फणसाखाली शोधलं, विहिरीत डोकावलो, शेवटी गप्प बसलो. कौलांवर ताडपत्री टाकून यंदाचा पावसाळा काढायचा, हे आधीच ठरलं होतं.

गौरीच्या आदल्या दिवशी आईनं पत्र्याची ट्रंक उघडली आणि माजघरभर पेन्सिलीचा वास सुटला. नऊवारींच्या घडीत फळी होती, काळ्या ओघळाची बाजू जुन्या पंचात गुंडाळलेली.

"कीड लागत नाही म्हणाला होतास ना," आई म्हणाली. "अजून दोन मागव त्याच्याकडून. शालूच्या ट्रंकेला पुरत नाही."