उचलला फोन, लावला टाळ्याला

पत्रकार व्हायचं की गायक, हे ठरवण्यात आता वय घालवू नका. दोन्ही धंद्यांना सामान एकच लागतं आणि ते तुमच्या हातात आहे; हे वाचतानाही त्यावर तुमचा अंगठा फिरतोच आहे. पूर्वी बातमीदाराला आधी उपसंपादक, मग मुख्य उपसंपादक, मग संपादक अशा पायऱ्या चढाव्या लागत. प्रत्येक पायरीवर कुणीतरी चष्मा कपाळावर सरकवून विचारायचं, ‘हे तुला सांगितलं कुणी?’ गाणाऱ्याचे हाल तर विचारूच नका. आधी गुरू, मग रियाज, मग रेकॉर्ड कंपनीच्या दारात ताटकळणं. एवढ्या उंबऱ्यांवर ठेचकाळून माणूस पुष्कळदा सुधारायचा, आणि मग कमी लिहायचा, कमी गायचा. हा धोका आता पूर्ण टळलेला आहे. फोन चार्ज आहे ना? मग झालं.

घराण्याचा थोडा इतिहास मात्र माहीत असलेला बरा. २३ एप्रिल २००५ रोजी यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला. प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून एक तरुण सांगतो, की यांच्या सोंडा फार लांब असतात. एकोणीस सेकंद. बातमी संपली. पुढच्याच वर्षी गुगलने ती कंपनी १६५ कोटी डॉलरना विकत घेतली. यात हत्तींना काय मिळालं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तुमच्यावर अजून बरंच काम करावं लागणार आहे.

त्याच्याही आधी, २२ फेब्रुवारी २००० रोजी, दक्षिण कोरियात ‘ओहमायन्यूज’ सुरू झालं. प्रत्येक नागरिक बातमीदार आहे, ही त्यांची घोषणा. पहिल्या दिवशी ७२७ नागरिक-बातमीदार तयार. कल्पना झकास होती, पण मंडळींनी दोन ठिकाणी माती खाल्ली. आलेला मजकूर तपासायला त्यांनी पगारी संपादक बसवले, आणि लिहिणाऱ्याला थोडंफार मानधनही द्यायला लागले. पुढच्या शहाण्यांनी नागरिक तेवढा ठेवला आणि हे दोन्ही खर्च कापले.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. बातमी व्हायला घटना घडावी लागते, ही अंधश्रद्धा पहिली सोडा. शार्कचंच बघा. २०११ साली प्वेर्तो रिको बेटावर वादळाने रस्ते पाण्याखाली गेले, आणि गाडीच्या खिडकीतून काढलेला एक फोटो जगभर फिरला: गाडीशेजारून शार्क मासा पोहत चाललाय. मूळ मासा २००५ साली छापून आलेल्या, समुद्रातल्या एका गाजलेल्या फोटोतून, होडीमागून उचललेला. पण २०१७ साली अमेरिकेतलं ह्यूस्टन बुडालं तेव्हा तोच शार्क तिथल्या रस्त्यावरही हजर. पूर कुठलाही असो, मासा तोच, आणि दर वेळी तितकाच ताजा. (मीही एकदा तो पुढे पाठवलाय. खोटं कशाला बोलू? फार देखणा मासा होता.) तेव्हा एक बरासा शार्क फोनमध्ये साठवून ठेवा. पाऊस काय, कधी ना कधी पडतोच.

यावर कुणी ‘खोटं आहे’ म्हणून नाक मुरडलं, तर त्याच्या तोंडावर विज्ञान फेका. २०१८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास आला. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा माग त्यांनी काढला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त, आणि दीड हजार लोकांपर्यंत पोचायला खरीला खोटीच्या सहापट वेळ. खरं बोलणं हा उघड उघड तोट्याचा व्यवहार आहे, हे यापेक्षा स्वच्छ कुणी मांडलेलं नाही. आणि हो, ही किमया आपोआप संदेश धाडणाऱ्या यंत्रांची नव्हे. यंत्रं खऱ्या-खोट्याला सारखीच ढकलत होती. फरक पाडला तो हाडामांसाच्या माणसांनी. अभिमानाची गोष्ट आहे. खुलासा नंतर येतो म्हणता? येऊ द्या. वरातीमागून घोडं आलं तरी वरातीचं काही अडत नाही.

हात बसला की शोधपत्रकारितेकडे वळा. त्यासाठी पायपीट लागत नाही, एक फोटो आणि लाल वर्तुळ पुरे. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले, तेव्हा रेडिट या गप्पांच्या संकेतस्थळावर हजारो हौशी गुप्तहेर कामाला लागले. फोटोंवर वर्तुळं पडली, बाण निघाले आणि महिनाभरापासून बेपत्ता असलेला एक विद्यार्थी ‘सापडला’. त्याच्या घरच्यांवर फोन आणि शिव्यांचा पाऊस पडला. तो मुलगा आधीच मरण पावला होता. मृतदेह काही दिवसांनी मिळाला. संकेतस्थळाच्या व्यवस्थापकांनी माफी मागितली. वर्तुळं काढणाऱ्यांना मागावी लागली नाही, कारण ते एव्हाना दुसऱ्या फोटोकडे वळले होते. जुन्या वर्तमानपत्रात अशा चुकीला नाव चिकटायचं: बातमीदाराचं, संपादकाचं, मुद्रक-प्रकाशकाचं, शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात. तुमच्या चुकीला फक्त टोपणनाव चिकटतं, आणि ते दोन मिनिटांत बदलता येतं.

तुमच्यासाठी जागा कुणी रिकामी केली, त्यांचे आभार मानायला विसरू नका. मे २०१३ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ने आपल्या सगळ्याच्या सगळ्या २८ छायाचित्रकारांना एका दिवसात घरी पाठवलं. त्यात पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळवलेला एकजणही होता. मग बातमीदारांना आयफोनवर फोटो काढायचं शिक्षण देण्यात आलं. पुलित्झर मिळवायला जन्म जातो, प्रशिक्षण वर्गाला एक दुपार पुरते. हिशेबाला चोख मालक असावा तर असा.

पुढे लिहिणाऱ्यांची पाळी आली. लोक आता वाचत नाहीत, बघतात, असा साक्षात्कार मालकांना झाला. पुरावा? फेसबुकचे आकडे. लेखक काढले, कॅमेरे घेतले. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं, की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो हा आकडा फुगलेला होता, ६० ते ८० टक्क्यांपर्यंत. सरासरी काढताना तीन सेकंदही न थांबलेल्यांना मोजलंच नव्हतं. नापास पोरांना वगळून वर्गाची सरासरी काढावी, तसं. आकडा दुरुस्त झाला. लेखक परत बोलावल्याचं काही ऐकिवात नाही, पण तेवढा बारकावा कोण बघतो?

पैशाचं काय, असं विचारायचा मोह होईल. विचारू नका, शोभत नाही. ‘हफिंग्टन पोस्ट’वर हजारो लोक फुकट लिहीत होते. फेब्रुवारी २०११ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने ते संकेतस्थळ ३१.५ कोटी डॉलरना घेतलं. तेव्हा लिहिणाऱ्यांपैकी काहींना एकदम कंठ फुटला. आमच्याच घामावर ही किंमत आली, आमचा वाटा द्या, म्हणून ते कोर्टात गेले. पुढच्या वर्षी कोर्टाने दावा फेटाळला. पैसे मिळणार नाहीत हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं ना, मग आता तक्रार कसली? आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. कोर्टाचं म्हणणं एवढंच, की दळणाऱ्याला कुत्रं दिसत होतं.

गाण्याकडे येऊ. इथे तुम्हाला सूर, ताल वगैरे आठवत असतील, पण मुख्य गोष्ट आहे तीस सेकंद. स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या ॲपवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक स्ट्रीम, म्हणजे एकदा ऐकल्याची नोंद, धरला जातो. एकतिसाव्या सेकंदाला ऐकणारा उठून गेला, मेला, तरी तुमच्या खात्यात फरक पडत नाही. त्यामुळे आलापी, वातावरणनिर्मिती असले जुने लाड बंद. अमेरिकेतल्या गाजलेल्या गाण्यांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर गायकाचा आवाज येण्याआधी सरासरी वीसहून जास्त सेकंद वाद्यं वाजत. २०१५ पर्यंत ती वेळ पाच सेकंदांवर आली. आणखी थोडा दम धरलात तर गाणं सुरू होण्याआधीच तुमचा आवाज येईल.

नियमाचा खरा अर्थ कळला तो अमेरिकेतल्या वल्फपेक नावाच्या बँडला. २०१४ साली त्यांनी ‘स्लीपिफाय’ हा अल्बम काढला. दहा गाणी, प्रत्येक तीस सेकंदांच्या किंचित पुढे, आणि दहाही गाण्यांत पूर्ण शांतता. चाहत्यांना सांगितलं, रात्री लावून झोपा. चाहते इमानाने झोपले आणि बँडला सुमारे २० हजार डॉलर मिळाले. स्पॉटिफायने अल्बम उतरवला. शांततेत कणसूर लागला नव्हता, तरीही. माझ्या मते त्या वर्षातली ती सर्वांत शुद्ध संगीतरचना होती, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही. तुम्ही मात्र तो मार्ग धरू नका. २०२४पासून वर्षभरात हजार स्ट्रीम न झालेल्या गाण्याला तिथे रॉयल्टीच नाही. म्हणजे झोपायला आधी माणसं गोळा करावी लागतील.

शांतता नको, तर खरखर? तिथेही सांभाळून. ऑस्ट्रेलियातल्या एका संगीतकाराने यंत्रावर तयार केलेली दहा तासांची नुसती खरखर यूट्यूबवर टाकली होती. रेडिओचं स्टेशन न लागल्यावर येते तशी. २०१८च्या सुरुवातीला तिच्यावर कॉपीराइटचे पाच दावे आले. ही आमची खरखर, असं म्हणणारे एकाहून अधिक निघाले. त्याच वर्षी एका पियानोवादकाने घरी वाजवलेलं जर्मन संगीतकार बाखचं संगीत फेसबुकवर टाकलं, तर त्यातली ४७ सेकंदं एका बड्या कंपनीच्या नावावर असल्याची सूचना आली. बाख वारला १७५० साली. यंत्राच्या कानाला मेलेला बाख आणि जिवंत मालक यांतला मालक तेवढा ऐकू येतो. गाण्याची पारख बदलली, असं म्हणतात ते हेच.

शिवाय गाजायला स्वतः गाण्याचीही गरज नाही, लोकांना उड्या मारता आल्या पाहिजेत. २०१३च्या फेब्रुवारीत, अमेरिकेतल्या गाजलेल्या गाण्यांची यादी काढणाऱ्या बिलबोर्डने यूट्यूबवरच्या व्ह्यूजची गणना आपल्या यादीत सुरू केली, आणि त्याच आठवड्यात ‘हार्लेम शेक’ हे गाणं थेट पहिल्या क्रमांकावर येऊन बसलं. मूळ गाण्यापेक्षा त्याच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावर जगभर लोकांनी हेल्मेट, गाद्या, अंतर्वस्त्रं घालून जे काही केलं, ते सगळं मोजलं गेलं. नाचता येईना त्याला आता अंगण वाकडं म्हणावं लागत नाही. वाकडं नाचेल त्याचाच आकडा चढतो.

तरी हे सगळे जुने मार्ग झाले. तुम्हाला खरा आदर्श हवा असेल तर अमेरिकेतल्या त्या माणसाकडे बघा, ज्याच्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये खटला भरला गेला. आरोपपत्रानुसार त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लाखोंनी गाणी बनवून घेतली आणि ती ऐकायला हजारो बनावट खाती बसवली. एकच गाणं फार वाजलं तर संशय येतो, म्हणून अब्जावधी स्ट्रीम सगळ्या गाण्यांवर थोडे थोडे पसरले. मिळालेली रॉयल्टी एक कोटी डॉलरच्या वर. गाणारं यंत्र, ऐकणारं यंत्र, मोजणारंही यंत्र; माणूस लागला तो फक्त पैसे घ्यायला. लोक याला फसवणूक म्हणतात. मी म्हणतो, इतरांनी अर्धवट राबवलेली पद्धत या गृहस्थाने शेवटापर्यंत नेली. बातमीतही हे जमेल. लिहिणारं यंत्र आलंच आहे, खाली शिव्या देणारं तर त्याच्याही आधी आलं.

एका उदाहरणापासून मात्र सावध राहा, कारण ते तुमच्या मार्गदर्शनाला बाधक आहे. २५ मे २०२० रोजी अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये डार्नेला फ्रेझर ही सतरा वर्षांची मुलगी नात्यातल्या छोट्या बहिणीला घेऊन दुकानात चालली होती. रस्त्यात एक पोलीस जॉर्ज फ्लॉइड नावाच्या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर गुडघा रोवून बसलेला तिला दिसला. तिने फोन काढला आणि सुमारे दहा मिनिटं हात हलू दिला नाही. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात त्या माणसाचा मृत्यू प्रकृतीच्या त्रासामुळे झाल्यासारखा लिहिला होता; व्हिडिओ त्याच रात्री फेसबुकवर आला. पुढच्या वर्षी पुलित्झर मंडळाने तिचा विशेष सन्मान केला.

आता तुम्हीच तपासा. दहा मिनिटं, म्हणजे तीस सेकंदांच्या वीसपट. कापाकापी नाही. खाली गाणं नाही. ‘शेवटपर्यंत बघा’ नाही. एकही लाल वर्तुळ नाही. ती स्वतः एका क्षणासाठीही कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी राहिलेली नाही.

तुमचा नाही इतका वेळ हात धरून राहायचा. बॅटरी किती उरलीय, तेवढं एकदा बघा.