पाच गोळ्यांनी किडनी जाते म्हणे!

फॅमिली ग्रुपवरचा हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल: 'बीपी, शुगर, थायरॉईड, संधिवात हे वेगळे आजार नाहीतच. एका गोळीतून दुसरा आजार जन्मतो. रोज पाच-सहा गोळ्या खाल्ल्या की किडनी जाणारच. सगळ्या एकदम बंद करा, काढा सुरू करा.' आमच्या मेडिकलच्या काउंटरवर लोक मोबाईल पुढे करून विचारतात, 'हे खरं का हो?' म्हणून एकेक वाक्य घेतो.

'एका गोळीतून दुसरा आजार.' कधीकधी होतं. स्टेरॉईडने शुगर वाढते, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी युरिक ॲसिड वाढतं. पण शुगर आणि बीपी एकाच माणसाच्या मागे लागतात ते बहुतेकदा पोटावरची चरबी, वय आणि घराण्यातून आलेला वारसा यांमुळे. पुढे वाढलेली शुगर किडनी बिघडवते आणि बिघडलेली किडनी बीपी चढवते. साखळी आहे, पण ती आजारांची.

'किडनी जाणारच.' किडनी कायमची निकामी होण्यामागे मधुमेह आणि बीपी हीच दोन सर्वांत मोठी कारणं आहेत. लघवीतून प्रथिन जायला लागलं की टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल या बीपीच्या गोळ्या देतात ते किडनी वाचवायलाच. सुरुवातीला क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्ताच्या रिपोर्टमधला आकडा) किंचित वाढतं, रिपोर्ट बघून घरचे घाबरतात आणि नेमकी तीच गोळी बंद होते. शुगरच्या मेटफॉर्मिनचंही तसंच. किडनी आधीच कमजोर झाली की डॉक्टर तिचा डोस कमी करतात, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) 30 च्या खाली गेला की ती बंदच करतात. लोक अर्थ उलटा लावतात: मेटफॉर्मिनने किडनी गेली!

किडनीला खरा धोका असलेली गोळी लोक चिठ्ठीशिवाय मागतात. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी, 'ती लाल पट्टीवाली द्या'. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू असताना रोज ही घेतली की किडनीवर तिहेरी मार बसतो; त्यात जुलाब-उलट्या झाल्या तर विचारूच नका. मेसेजमध्ये मात्र तिचं नावही नाही.

गोळ्या जास्त म्हणजे आयुष्य कमी, असंही या मेसेजमधून सुचवलं जातं. डेन्मार्कच्या स्टेनो रुग्णालयात 1993 साली मधुमेहाच्या 160 रुग्णांवर एक अभ्यास सुरू झाला. अर्ध्या लोकांची शुगर, बीपी, कोलेस्ट्रॉल, आहार, व्यायाम सगळं एकदम हातात घेतलं. म्हणजे गोळ्याही जास्तच. 21 वर्षांनी पाहिलं तर हा गट सरासरी जवळपास 8 वर्षं जास्त जगला होता. रुग्ण थोडे होते, हे मान्य. पण फरक केवढा!

'एकदम बंद करा.' हे सगळ्यांत वाईट. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल या बीपी-हृदयाच्या गोळ्या अचानक सोडल्या तर हृदयरोग्याच्या छातीत दुखू शकतं, झटकाही येऊ शकतो. बीपीचंच क्लोनिडिन सोडलं की बीपी उसळतं. थायरॉईडच्या गोळीचं उलट असतं. ती आठवडाभर रक्तात रेंगाळते, त्यामुळे सोडल्यावर काही दिवस काहीच जाणवत नाही आणि माणूस ग्रुपवर लिहितो, 'मला तर फरकच पडला नाही.'

काढ्याबद्दल थोडक्यात: कारल्याचा रस आणि शुगरची ग्लिमेपिराईड गोळी एकत्र घेतली तर शुगर फार खाली जाऊ शकते. मेटोप्रोलोल चालू असेल तर शुगर उतरल्याचा इशारा देणारी धडधड दबते, फक्त घाम फुटतो. तेव्हा अशा घामाकडे दुर्लक्ष नको. आणि लेबल नसलेल्या 'संधिवाताच्या चूर्णात' स्टेरॉईड मिसळलेलं सापडल्याच्या घटना आहेत.

मेसेज लिहिणाऱ्याला एका गोष्टीचा वास मात्र बरोबर आला आहे. एका आजींनी काउंटरवर गोळ्यांची पिशवी ओतली. दोन कंपन्यांच्या दोन स्ट्रिप, दोन नावं, आत दोन्हीत टेल्मिसार्टनच. एक हार्टवाल्या डॉक्टरांची, एक शुगरवाल्यांची. उठताना चक्कर येते म्हणून तिसऱ्यांनी चकरेची गोळी दिलेली! थायरॉईडची गोळी सकाळी चहाबरोबर, कॅल्शियमला जोडूनच. खरं तर ती उपाशीपोटी घ्यायची आणि कॅल्शियम चार तासांनी. आजींना म्हटलं, ही अख्खी पिशवी, चूर्णाच्या पुडीसकट, एकाच डॉक्टरांपुढे ओता आणि विचारा, 'यातली कुठली काढता येईल?' वय झालेल्या, अनेक आजार असलेल्या माणसाला एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) 8 च्या आसपास असलं तरी पुष्कळदा चालतं, त्यामुळे शुगरची एखादी गोळीही कमी होऊ शकते. तोवर चालू आहे त्यातलं काहीही मनाने सोडायचं नाही. दोन टेल्मिसार्टनचं काय करायचं, ते विचारायला मी त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला.