बेनचे खांदे, टॉम हार्डीची उंची आणि तुमची प्रतिक्रिया

भाऊ, टॉम हार्डीने केलेल्या बेनवरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा कर्जत लोकलमध्ये एका पायावर उभा होतो, तिथेच उत्तर दिलं असतं तर भांडणच झालं असतं, म्हणून आता जेवून निवांत लिहितोय. तुमचं म्हणणं असं, की कॉमिकमधला बेन, बॅटमॅनचा तो खलनायक, म्हणजे सहा फूट आठ इंचाचा, साडेतीनशे पौंडांचा डोंगर, डोक्यात व्हेनमच्या, म्हणजे अंग फुगवणाऱ्या औषधाच्या, नळ्या खुपसलेल्या, आणि २०१२च्या ‘द डार्क नाइट राइजेस’मध्ये घेतला कोण, तर पाच फूट नऊ इंचाचा टॉम हार्डी, ‘माझ्यापेक्षा बुटका’. आणि मी त्याचं कौतुक केलं म्हणजे मी कॉमिक कधी उघडलेलंच नाही.

उघडलंय हो. फोर्टच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालं होतं, कव्हर अर्धं फाटलेलं, आतल्या पानांवर कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल डाग. त्यातला बेन मला अजून आठवतो, मान हा प्रकारच नाही, खांद्यांवर ते मास्कवालं डोकं म्हणजे परातीत लिंबू ठेवल्यासारखं. पण चित्रकाराला ते परवडतं. एका चौकटीत बेन बॅटमॅनच्या दीडपट असतो, पुढच्या पानावर दुप्पट होतो, आणि कुणी टेप घेऊन मोजत नाही. पिक्चरमध्ये मात्र तोच माणूस पावणेतीन तासांच्या पिक्चरभर बॅटमॅन झालेल्या ख्रिश्चन बेलच्या शेजारी उभा राहणार, चालणार, बोलणार. खरोखरचा तेवढा माणूस आणला की काय होतं ते आपण आधीच बघितलंय की!

१९९७चा ‘बॅटमॅन अँड रॉबिन’. त्यात बेन झाला होता जीप स्वेन्सन, खराखुरा कुस्तीवाला, अवाढव्य, तुमच्या मोजपट्टीत अगदी फिट्ट. नळ्या होत्या, मास्क होता, व्हेनम होतं. आणि काम काय दिलं? पॉयझन आयव्ही या खलनायिकेच्या मागे फिरायचं, एखाद-दुसरा शब्द गुरगुरायचा आणि सामान उचलायचं. १९९३मध्ये चक डिक्सन, डग मोएंच आणि ग्रॅहम नोलन यांनी उभा केलेला बेन (चित्रकार नोलन आणि ‘राइजेस’चा डायरेक्टर ख्रिस्तोफर नोलन यांचं काही नातं नाही बरं का, मीही बरीच वर्षं भाऊ-भाऊ समजत होतो) तुरुंगात जन्मलेला, बापाची शिक्षा भोगत वाढलेला, तिथेच पुस्तकं वाचून शहाणा झालेला माणूस. तो बॅटमॅनशी लगेच भिडत नाही. अर्कम नावाच्या वेड्यांच्या इस्पितळातले सगळे वेडे मोकाट सोडतो, त्यांच्यामागे पळून पळून बॅटमॅनचा पिट्टा पडेपर्यंत थांबतो, आणि मग थेट त्याच्या घरी जाऊन गुडघ्यावर त्याची पाठ मोडतो. आता सांगा, ९७मध्ये अंग जसंच्या तसं आलं, पण यातलं डोकं कुठे आलं?

आमच्या लालबागच्या गल्लीतला जिमवाला आहे, दंड म्हणजे माझी मांडी. त्याला कुणी घाबरत नाही, उलट सगळ्या काकू गॅस सिलेंडर तिसऱ्या मजल्यावर चढवायला त्यालाच हाक मारतात. घाबरायचे सगळे ते वर्गणीवाल्या एका माणसाला, असेल पाच फूट चार इंच. तो पावतीपुस्तक बगलेत धरून दारात नुसता उभा राहायचा. मागायचा नाही, आवाज चढवायचा नाही. आमचे वडील आपणहून पाकीट शोधायला उठायचे. आणि आपल्याकडे निळू फुले होतेच की, ‘सामना’तला हिंदुराव बघा, दंड-छाती दाखवायचा प्रश्नच नाही, नुसता आवाज आणि बसायची ढब, तेवढ्यात अख्खा गाव खिशात.

हार्डीने नेमकं हेच केलं असं माझं मत आहे. वजन त्याने चढवलं होतंच, साधारण ३० पौंड म्हणतात, आणि त्यातलं बरंचसं मानेच्या दोन्ही बाजूंना दिसतं, उंची नाही तर रुंदी तरी. त्यावर तो लोकरी कॉलरचा जाडजूड कोट, कॅमेरा खालून, दोन्ही हात छातीपाशी अडकवून चालणं. पण माझा खरा पुरावा तो डॅगेटवाला सीन आहे, डॅगेट म्हणजे बेनला पैसे देऊन कामाला लावणारा उद्योगपती. डॅगेट त्याच्यावर ओरडत असतो, इथे हुकूम माझा चालतो, पैसे मी मोजलेत वगैरे, आणि बेन त्याच्या खांद्यावर हळूच हात ठेवतो. दाबत नाही, ढकलत नाही. नुसता ठेवलेला हात. आणि डॅगेटचा आवाज जो बसतो ना! साडेतीनशे पौंड त्या हातात आहेत, भाऊ. नंतरच्या त्या गटारातल्या मारामारीला तर म्युझिकसुद्धा नाही, पाण्याचा आवाज आणि ठोसे, बॅटमॅन मारतोय आणि हा ते अंगावर घेतोय, जणू वेळ जात नाही म्हणून.

मास्कमधून येणाऱ्या त्याच्या आवाजाबद्दल तुम्ही तक्रार केलीत, ती अर्धी मान्य. मला तो आवाज आवडतो, पण थेटरात माझा मित्र दर पाच मिनिटांनी ‘काय म्हणाला रे?’ करत होता आणि मीही ठोकून देत होतो.

आता माझ्या चुका. लेखात मी त्या मास्कला ‘व्हेनमचा मास्क’ म्हटलं, ते साफ चूक, तुम्ही पकडलंत. पिक्चरमध्ये त्यातून येतो तो वेदना मारणारा गॅस. आणि ही चूक मला जास्त झोंबली कारण सगळा फरक त्यातच आहे. कॉमिकमधला बेन नळी लावतो ती अंग फुगवायला, आणि पिक्चरमधला लावतो ती दुखणं दाबून उभं राहायला. म्हणूनच बॅटमॅन शेवटी त्याच्या दंडांच्या नादी न लागता मास्कवर ठोसे मारतो. हे मी लिहायला हवं होतं, ते तुमच्यामुळे सुचलं.

आणि दुसरी, तुमची शेवटची ओळ, जिच्याकडे बाकी कुणीच लक्ष दिलेलं दिसत नाही. ती अशी, की मूळचा बेन सांता प्रिस्का नावाच्या काल्पनिक कॅरिबियन बेटावरचा, मास्क मेक्सिकन कुस्तीवाल्यांच्या धर्तीचा, आणि पिक्चरमध्ये त्यातलं काहीच उरलं नाही, त्याचा तो अंधारकोठडीचा खड्डा कुठल्या देशात आहे तेही धड कळत नाही, वर आलं की जोधपूरचा मेहरानगड दिसतो आणि आपण शिट्या मारतो. उंची कोटाने झाकता येते, कॅमेऱ्याने वाढवता येते. हे कशाने भरून काढलं, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. मास्कची ओळ आज रात्रीच दुरुस्त करतोय.