आचारसंहिता संपल्यावर बघू

गेल्या दोन वर्षांत महाराष्ट्रात सर्वांत जास्त वेळा ऐकू आलेलं वाक्य बहुधा हेच असावं. चेंबरचं झाकण फुटलंय? दाखला अडकलाय? आचारसंहिता संपल्यावर बघू. ती संपते, चार महिने जातात, आणि पुन्हा लागते!

प्रचाराचा उबग आला म्हटलं की कुणीतरी लगेच लोकशाहीचे धडे द्यायला येतं. म्हणून आधीच सांगते, मी मतदान चुकवत नाही. सभांनाही जाते, वडापाव नसला तरी.

पण २०२४ आठवून बघा. लोकसभेची घोषणा १६ मार्चला, निकाल ४ जूनला. देशात सात टप्पे, त्यातले पाच एकट्या महाराष्ट्राला, ४८ जागांसाठी. तमिळनाडूने आपल्या ३९ जागा १९ एप्रिलला एका दिवसात उरकल्या. नागपूरकरांनीही त्याच दिवशी बोटाला शाई लावून घेतली आणि मग ४६ दिवस निकालाची वाट बघत बसले. सुरक्षा दलांची ने-आण करावी लागते म्हणतात, ते खोटं नाही. पण त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेच्या २८८ जागांचं मतदान याच राज्यात एका दिवसात झालंच की.

कायद्याला एवढा लांबलचक प्रचार मुळात लागतच नाही. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यापासून मतदानापर्यंत किमान १४ दिवस पुरतात. १९९६ पर्यंत ते २० होते, म्हणजे कायद्याने उलट मुदत कमी केली. मतदानाआधीचे ४८ तास प्रचारबंदी, तीही टप्प्यांनी निकालात काढली. पुण्याचं मतदान १३ मेला होतं. ११ तारखेच्या संध्याकाळी सहाला भोंगे गप्प झाले, पण मुंबई-नाशिकचं मतदान २० मेला, त्यामुळे तिकडच्या सभा टीव्हीवरून थेट दिवाणखान्यात. डोकं शांत ठेवून विचार करा म्हणे!

भोंग्यावरून आठवलं. आमच्या चौकात भर उन्हात एक प्रचाररिक्षा उभी असायची. पोवाड्याच्या चालीवर उमेदवाराचं गाणं, मग रेकॉर्ड केलेला आवाज, ‘माता-भगिनींनो’, पुन्हा गाणं. चालक मागच्या सीटवर पाय पसरून गाढ झोपलेला, तोंडावर पक्षाचा गमछा. एवढ्या आवाजात झोप लागणाऱ्या त्या माणसाचा मला हेवा वाटायचा.

खरा राग मात्र वेगळाच आहे. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढे प्रभागरचना, ओबीसी आरक्षण, कोर्टाच्या तारखा, आणि सगळा कारभार प्रशासकाकडे. मतदान उजाडलं १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षांनी आलेल्या या निवडणुकीत चिन्हवाटपानंतर प्रचाराला दोन आठवडेसुद्धा नाहीत. मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी चार-चार नगरसेवकांचा एक प्रभाग. म्हणजे तेवढ्यात प्रत्येक पक्षाचे चार चेहरे ओळखायचे, त्यांनी काय केलंय ते तपासायचं आणि चार मतं द्यायची. ज्याच्याकडे मी पाण्याची तक्रार घेऊन जाणार, तो माणूस मला गळ्यातल्या हारामुळे नीट दिसलासुद्धा नाही. आमच्या गेटवर एकांना शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, त्याचं काय?’ साहेब हात जोडून म्हणाले, ‘देशाचं भविष्य तुमच्या हातात आहे, मावशी.’ आणि पदयात्रा पुढे सरकली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. लोकसभेला महाराष्ट्राचे पाच टप्पे कशाला, दोन बास झाले. महापालिका आणि झेडपीच्या निवडणुका मात्र मुदतीत घ्या, आणि तिथे उमेदवारांना महिनाभर प्रभागात फिरवा. हार-फुलं, औक्षण बंद. एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना एका रांगेत बसवून प्रश्न विचारू द्या.

आणि कमेंटमध्ये ‘म्हणूनच एक देश, एक निवडणूक हवी’ लिहायला जे सरसावलेत त्यांना विनंती, एकत्र घेतली तर काकूंच्या पाण्याचा प्रश्न कितव्या टप्प्यात येईल, तेवढं सांगून मग लिहा.